मुडशिंगीचा ऑटरहाउंड

मित्रांनो, मी एक ऑटरहाउंड आहे. हे नाव तुम्ही ऐकलं नसेल, तर त्यात तुमची काही चूक नाही. मी राहतो त्या कोल्हापूरजवळच्या गडमुडशिंगी गावात अजूनही निम्मी माणसं मला अस्वल म्हणतात आणि उरलेली गोंड्या म्हणतात. आमच्या जातीची कुत्री आता फार थोडी उरली आहेत. सगळ्या देशांतली एकत्र केली, तरी हजारभर भरणार नाहीत, असं जाणकार सांगतात.

मी दिसायला देखणा नाही. माझं डोकं मोठं आहे, कान लांब आणि लोंबते आहेत. अंगभर राठ, विस्कटलेले केस आहेत आणि हनुवटीला दाढी आहे. पाणी प्यायलो की निम्मं पाणी पोटात जातं आणि निम्मं दाढीत राहतं. ते मग मी घरभर सांडत फिरतो. माझ्या पंजांच्या बोटांमध्ये बदकासारखं कातडं आहे, त्यामुळे मला उत्तम पोहता येतं. आणि माझं नाक! त्या नाकामुळेच माझ्या आयुष्यात जे काही घडायचं ते घडलं.

माझे पूर्वज इंग्लंडमध्ये नदीकाठी राहत. तिथल्या लोकांनी त्यांना पाणमांजराची शिकार करायला पाळलं होतं. पाणमांजर म्हणजे इंग्रजीत ऑटर, म्हणून आम्ही ऑटरहाउंड. पाण्यातून निघून गेलेल्या प्राण्याचा वास कितीतरी तासांनी काढायचा आणि घुमत्या आवाजात ओरडत मागच्या माणसांना वाट दाखवायची, हे त्यांचं काम. पुढं पाणमांजरं कमी झाली आणि शिकारीवर कायद्यानं बंदी आली. पाणमांजरं वाचली हे फार चांगलं झालं. पण आमचं काम गेलं, आणि काम गेलेल्या कुत्र्याला कोण सांभाळणार? काही हौशी माणसांनी आम्हाला घरात घेतलं, म्हणून आम्ही टिकलो.

मी जन्मलो ते अशाच एका हौशी बाईंच्या घरी. त्या पिल्लू घ्यायला आलेल्या माणसांना आमच्याकडे बघू द्यायच्या आधी प्रश्न विचारत. एके दिवशी प्रसेनजीत आणि शिवानी हे नवराबायको आले. प्रसेनजीत तिथं एका कारखान्यात इंजिनिअर होता आणि शिवानी दवाखान्यात नर्स होती. दोघंही कोल्हापूरकडचे.

बाईंनी विचारलं, "घरात चिखल चालेल का?"

शिवानी हसून म्हणाली, "आमच्याकडे अंगण शेणानं सारवतात. चिखलाचं काय घेऊन बसलात?"

बाईंना ते समजावून सांगायला थोडा वेळ लागला. समजल्यावर त्यांनी मला उचलून तिच्या मांडीवर ठेवलं. मी लगेच तिच्या ओढणीला दाढी पुसली.

मी मोठा झालो तोवर प्रसेनजीतला घरची ओढ लागली होती. त्याचे आईवडील, आबा आणि मीनाबाई, गावी दोघंच होते. शिरोली एमआयडीसीत एका फाउंड्रीत नोकरी मिळताच त्यानं परतायचं ठरवलं. मित्र म्हणाले, "कुत्र्याला इथंच कुणाला तरी देऊन जा. तिकडच्या उन्हात ते कसं राहील?"

शिवानी म्हणाली, "मग मीही इथंच राहते."

तो विषय तिथंच संपला. मला सुया टोचल्या, कागदपत्रं झाली. मोठ्या पिंजऱ्यात बसून मी विमानानं मुंबईला आलो आणि तिथून मोटारीनं कोल्हापूरला.

आबा दारातल्या कट्ट्यावर वाट बघत बसले होते. त्यांची सारी नोकरी शिरोलीतल्याच एका फाउंड्रीत गेली होती. आता ते निवृत्त होते. मी गाडीतून उतरलो तसे ते उठून उभे राहिले.

"काय रं प्रसेन, कुत्रं म्हणालतास न्हवं? ह्ये तर अस्वल हाय की!"

"असू दे की," मीनाबाई मागून म्हणाल्या. "लांबनं आलंय बिचारं. भाकरी खातंय काय बघू."

मी भाकरी खाल्ली. दुसरी दिली, तीही खाल्ली. मग मीनाबाईंनी माझ्या तोंडावरचे केस बाजूला सारून माझे डोळे शोधले. इंग्लंडमध्ये माझं नाव बार्नबी होतं. ते त्यांच्या तोंडात बसेना. "गोंड्यागत केस हायत की ह्याचं," असं त्या म्हणाल्या आणि त्या दिवसापासून मी गोंड्या झालो.

मित्रांनो, मुडशिंगीत मला काय मिळालं ते शब्दांत सांगणं अवघड आहे. इंग्लंडमधले वास गार आणि ओले होते. इथं सकाळी दार उघडलं की वासांची जत्राच भरायची. उसाचं पाचट, म्हशींचा गोठा, गुऱ्हाळावर उकळणारा रस, कांदा-लसूण चटणीचं कांडप, विमानतळावरून वाऱ्याबरोबर येणारा इंधनाचा वास. प्रत्येक वासाला स्वतःची वाट असते आणि माझ्या नाकाला प्रत्येक वाटेनं जायचं असतं.

तिथूनच माझ्याबद्दलच्या तक्रारी सुरू झाल्या.

पहिली तक्रार नाकाची. एकदा मटणाची पिशवी अडकवून कुणीतरी सायकलवरून गेलं. मी तो वास धरला आणि उसातून, बांधावरून, रस्ता ओलांडून थेट शेजारच्या उजळाईवाडी गावात पोचलो. प्रसेनजीत घसा फोडून हाका मारत होता म्हणे. मी उद्धटपणा केला नव्हता. नाक कामाला लागलं की माझे कान बंद पडतात. आमची जातच तशी आहे.

दुसरी तक्रार आवाजाची. मी साध्या कुत्र्यासारखा भुंकत नाही. माझा आवाज छातीतून निघतो आणि मोठ्या घंटेसारखा घुमत राहतो. इंग्लंडच्या मोकळ्या रानात तो कौतुकाचा विषय होता. मुडशिंगीतल्या आमच्या गल्लीत घराला घर लागलेलं. शेजारच्या तानाबाईंकडे म्हशी होत्या. त्या आठवड्यातून एकदा तरी कंबरेवर हात ठेवून आमच्या दारात यायच्या.

"मीनाबाई, तुमचं ह्ये कुत्रं बोंबाललं की माझी म्हस पान्हा चोरतीया! धारंला बसलं की ह्येचा सूर लागलेलाच. डेअरीत काय घालू, पाणी?"

मीनाबाई गप्प ऐकून घ्यायच्या आणि जाताना त्यांच्या हातात काहीतरी खायला ठेवायच्या. वाटी घेऊनही तानाबाईंचा राग जायचा नाही.

राखणदार म्हणूनही माझा काही उपयोग नव्हता. दारात कुणीही आलं की मी शेपूट हलवत जायचो आणि त्याच्या खांद्यावर दोन्ही पंजे ठेवायचो. माणूस मला आवडतो. त्याला मी काय करू?

आणि ऊन! एप्रिल-मेमध्ये माझ्या दुहेरी केसांत मी अक्षरशः शिजायचो. शिवानी मला न्हाणीत ओल्या पोत्यावर झोपवायची. तिला सरकारी दवाखान्यात नोकरी लागली होती, प्रसेनजीतच्या पाळ्या बदलायच्या. दिवसभर मी मागच्या परड्यात पेरूच्या झाडाखाली बांधलेला असायचो. ज्याला मैलोन्मैल चालायला हवं, त्यानं साखळीच्या टोकापर्यंत जायचं आणि परत यायचं. मग मी ओरडणार नाही तर काय करणार?

दुपारी घरात बहुतेक वेळा आबाच असायचे. ते माझ्याशी फार बोलत नसत. पण पेपर वाचायला परड्यात यायचे आणि खुर्ची मुद्दाम माझ्याजवळ ठेवायचे. मी त्यांच्या पायांवर डोकं टेकलं की म्हणायचे, "सर तिकडं, गरम होतंय." पाय मात्र काढून घेत नसत.

त्यांच्याबद्दलची एक गोष्ट घरात कुणालाच माहीत नव्हती. ती मला आल्यापासून आठवडाभरातच कळली होती. आबांना वास येत नव्हता.

माणसाला वास आला की त्याच्या नाकपुड्या किंचित हलतात, तो श्वास बदलतो. मी ते बघूनच माणूस ओळखतो. मीनाबाई तव्यावर सुके बोंबील भाजायच्या तेव्हा गल्लीच्या टोकाची मांजरंसुद्धा उठून बसत. आबा पेपरातून मान वर काढत नसत. लसणाची फोडणी पडली, उदबत्ती लावली, दूध करपलं, त्यांचा श्वास एकसारखाच चालायचा.

जेवताना मात्र रोज कुरकुर व्हायची.

"ह्या आमटीत काय घाटलंयस? निस्तं पाणी हाय."

"काल बी पाणीच म्हणालासा," मीनाबाई म्हणायच्या. "आता आणि किती तिखट घालू?"

आबा ताट सरकवून उठायचे. मीनाबाई ते ताट घेऊन परड्यात यायच्या आणि उरलेली भाकरी मला घालायच्या. एकदा माझ्या डोक्यावर हात ठेवून त्या म्हणाल्या, "तू तरी खातोस बाबा." त्यांचा हात बराच वेळ तिथंच होता. माझं नाक सगळं सांगतं, पण मला बोलता येत नाही. त्या वेळी मला ते फार जाणवलं.

गेल्या उन्हाळ्यात एका दुपारी मला चक्कर आली. मी पेरूखाली पडलो तो उठलोच नाही. त्या दिवशी सुट्टीवर असलेल्या शिवानीनं धावत येऊन माझ्यावर पाणी ओतलं, पंजे गार केले, डॉक्टरांना बोलावलं. मी वाचलो, पण तिच्या मनानं धसका घेतला. प्रसेनजीतच्या ओळखीचे एक बाळासो नावाचे बागायतदार होते. शिरोळकडे नदीच्या पट्ट्यात त्यांचा ऊस होता. मोठा बंगला होता, शेततळं होतं. दुसऱ्या कुणाकडं नाही असं कुत्रं त्यांना हवं होतं.

"तिथं पाणी आहे, जागा आहे," शिवानी रात्रीच्या जेवणानंतर म्हणाली. "इथं आपण त्याला हळूहळू मारतोय."

बाळासो रविवारी गाडी घेऊन येणार, असं ठरलं. त्या आठवड्यात शिवानी रोज मला विंचरायची आणि विंचरताना रडायची. तिच्या अश्रूंना मिठाचा वास होता. मी ते चाटत होतो, म्हणून ती आणखी रडायची.

रविवार यायच्या आधीच ती दुपार आली.

मीनाबाई एका मैत्रिणीकडे बारशाला गेल्या होत्या. प्रसेनजीत आणि शिवानी कामावर होते. आबांनी चहासाठी गॅसवर दूध ठेवलं आणि पुढच्या खोलीत टीव्हीसमोर जाऊन बसले. तिथं क्रिकेटचा सामना रंगला होता. स्वयंपाकघराची खिडकी परड्यात उघडते. ती अर्धी लोटलेली होती. आधी मला दूध तापल्याचा वास आला, मग उतू गेल्याचा. आणि मग दुधाच्या मागून दुसराच वास यायला लागला. कुजका, टोचणारा, डोक्यात जाणारा. दूध उतू जाऊन बर्नर विझला होता आणि गॅस तसाच चालू होता.

मित्रांनो, मी काही शूर नाही. आग, स्फोट असलं मला काही कळत नव्हतं. मला एवढंच कळत होतं, की हा वास फार वाईट आहे, तो वाढतोय, आणि आबा तिकडं आत आहेत. मी साखळीला झटके दिले. साखळी तुटली नाही. मग मी डोकं वर केलं आणि ओरडायला लागलो.

"गप बस की रं!" आबा आतून ओरडले. "मॅच तरी बघू देतोस का न्हाय?"

त्यांनी टीव्हीचा आवाज वाढवला. मी माझा वाढवला. थांबलोच नाही. माझ्या घशातून तसा आवाज आजवर कधी निघाला नव्हता. पलीकडे तानाबाई धारेला बसल्या होत्या. त्यांची म्हैस उधळल्याचं आणि बादली कलंडल्याचं मला ऐकू आलं. पाठोपाठ तानाबाईंचा आवाज आला.

"आता लई झालं! आज ह्येचा निकालच लावते!"

त्या परड्याच्या बाजूनं तरातरा आल्या. हातात दुधानं माखलेली रिकामी बादली तशीच होती. माझ्याकडं न बघता त्यांनी स्वयंपाकघराचं मागचं दार ढकललं आणि तोंड उघडलं. पण भांडणाचा एक शब्दही बाहेर पडला नाही.

कारण आत आबा उभे होते. चहाचं काय झालं ते बघायला ते नुकतेच आले होते. गॅस विझलेला दिसला म्हणून त्यांनी लायटर हातात घेतला होता आणि ते शेगडीवर वाकत होते.

"आबा!" तानाबाई किंचाळल्या. "ठेवा त्यो लायटर! ग्यास सुटलाय!"

"कुठं सुटलाय?" आबांनी गोंधळून विचारलं.

तानाबाईंनी बादली फेकली, आबांचा हात मनगटाशी धरला आणि लायटर हिसकावून परड्यात भिरकावला. मग शेगडीचं बटण फिरवलं, खिडकी सताड उघडली, आणि त्या आबांना अक्षरशः ओढत पेरूच्या झाडाखाली घेऊन आल्या. मी ओरडायचा थांबलो. माझ्या घशाला कोरड पडली होती.

आबा माझ्याजवळ जमिनीवरच बसले.

"एवढा घाण वास सुटलाय, गल्लीभर कळंल," तानाबाई धापा टाकत म्हणाल्या. "आणि तुमी लायटर घेऊन निघालासा? डोस्कं ठिकाणावर हाय न्हवं?"

आबा माझ्या केसांत बोटं फिरवत राहिले. मग हळू आवाजात म्हणाले, "तानाबाई, मला वास आलाच न्हाय."

"सर्दी झालीया?"

"सर्दी न्हवं. करोना झालता न्हवं का मला, तवापास्नं. कशाचाच येत न्हाय. कुणाला बोललो न्हाय मी."

"मीनाबाईला बी न्हाय?"

"तिला काय सांगायचं? म्हणंल, म्हातारा कामातनं गेला."

तानाबाई शेजारी टेकल्या. पदरानं त्यांनी तोंड पुसलं. मग माझ्याकडं बघितलं, पहिल्यांदाच नीट बघितलं. "ह्यो बोंबालला न्हसता," त्या म्हणाल्या, "तर मी कशाला आली असती?"

मीनाबाई परत आल्या तेव्हा ही गोष्ट अख्ख्या गल्लीत पसरली होती. त्या आल्या त्या थेट परड्यात. आबा अजून तिथंच होते. त्यांनी स्वतःच सगळं सांगितलं, खाली मान घालून. मीनाबाईंनी ऐकून घेतलं. गॅसबद्दल त्या काहीच बोलल्या नाहीत.

"एवढी वर्सं माझ्या सैपाकाला नावं ठेवलासा," त्या म्हणाल्या. "मला वाटलं, माझ्याच हाताची चव गेली."

"तुझ्या हाताची न्हवं गं. माझी गेली."

मीनाबाईंनी तोंड फिरवलं. रागावलेल्या माणसाचा वास मला ओळखता येतो. तो तिथं नव्हता.

रविवारी बाळासो मोठ्या गाडीतून आले. पांढरेशुभ्र कपडे, डोळ्यांवर काळा चष्मा. मी नुकतंच पाणी प्यायलो होतो. मी त्यांच्या स्वागताला गेलो, खांद्यांवर पंजे ठेवले आणि दाढी त्यांच्या सदऱ्याला टेकवली.

"आरारारा!" बाळासो मागं सरले. "ह्ये चोरावर धावून जातंय का न्हाय?"

"नाही," प्रसेनजीत खरं ते बोलला. "चोराला बॅटरी धरून घर दाखवंल."

आबा पुढं झाले. "पावणं, बसा, च्या घ्या. पण कुत्रं मिळायचं न्हाय."

"म्हंजे? तुमच्या लेकानं शब्द दिलाय की."

"लेकानं दिलाय. मी कुठं दिलाय?"

वातावरण थोडं ताठरलं. मग प्रसेनजीतनं गॅसची हकीकत सांगितली. बाळासोंनी चष्मा काढला, ती पुरी ऐकली आणि सदऱ्यावरच्या ओल्या डागाकडं बघत मोठ्यानं हसले. "गेटावर बांधून मला तरी काय करायचं होतं ह्येचं? असू द्या तुमच्याकडंच," असं म्हणून ते चहाला बसले. माणूस वाईट नव्हता. त्यांना माझी जात हवी होती. मी कसा आहे, हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं.

ते गेल्यावर मला वाटलं होतं शिवानी आनंदानं नाचेल. ती नाचली नाही. ती आबांसमोर येऊन उभी राहिली.

"आबा, त्यानं जीव वाचवला म्हणून ठेवणार असाल, तर नको. उपकार महिनाभर आठवतात. कुत्र्याला रोज सांभाळावं लागतं. त्याचं ऊन, त्याचा आवाज, त्याची साखळी, यातलं काहीच बदललेलं नाही."

आबांना राग येईल असं मला वाटलं. ते म्हणाले, "मग काय बदलाय पायजे ते सांग. मी रिकामाच हाय."

तिनं सांगितलं आणि आबांनी ऐकलं. परड्याला उंच जाळी मारली आणि माझी साखळी काढून टाकली. उन्हाळ्यासाठी माझे केस थोडे कातरले. न्हाणीशेजारी एक छोटा हौद बांधला, त्यात मी दुपारभर पडून राहतो. गावाबाहेर दगड काढून सोडलेली जुनी खाण आहे. तिच्यात बारमाही पाणी असतं. कोल्हापूरकडे अशा पाण्याला खण म्हणतात. पहाटे आणि संध्याकाळी आबा मला तिकडं घेऊन जातात. जाण्याची वेळ तानाबाईंनी ठरवली आहे. त्या धारेला बसायच्या आधी आम्ही घराबाहेर पडलेलं असायचं. त्यामुळे म्हशी सुखानं दूध देतात आणि तानाबाई मला अधूनमधून ताक पाजतात. वाटेत मला एखादा वास लागला की मी थांबतो आणि आबाही थांबतात. ओढाओढी करत नाहीत. "बघ, बघ," म्हणतात. "माझ्या वाटचं बी बघून घे."

शिवानीनं आबांना कोल्हापुरात नाक-कान-घशाच्या डॉक्टरांकडे नेलं. इतक्या वर्षांनी वास परत येईलच असं नाही, डॉक्टर म्हणाले, पण नाकाला रोज सराव द्या. लवंग, लिंबू, निलगिरी, असं एकेक नाकाशी धरायचं आणि तो वास आठवायचा. आबा रोज सकाळी परड्यात बसून तेच करायचे. मीनाबाई समोर बसून एकेक वस्तू द्यायच्या आणि विचारायच्या, "आलं काय?" आबा मान हलवायचे, "न्हाय." महिने गेले. मीनाबाईंनी विचारणं सोडलं नाही. आमटी मात्र आता आबा तक्रार न करता खायचे. आणि ती कशी लागते ते मीनाबाई त्यांना सांगायच्या. "आज कोकम घाटलंय. आंबूस हाय. मागनं गूळ लागतोय." आबा डोळे मिटून तोंडातला घास घोळवायचे.

मित्रांनो, आता तुम्ही विचाराल, की तुझ्यासारखं कुत्रं आम्ही आणावं का? माझं प्रामाणिक उत्तर आहे, की आधी मला नको, स्वतःच्या घराला विचारा. रोज दोन वेळा माझ्याबरोबर लांब चालायला कुणी मोकळं आहे का? अंगणाला जाळी आहे का? उन्हात मला गार ठेवता येईल का? ओल्या दाढीचे डाग, चिखलाचे पंजे आणि घुमणारा आवाज चालेल का? माझे लांब कान दर आठवड्याला पुसावे लागतात, नाहीतर ते आतून चिघळतात. यातलं एक जरी जमणार नसेल, तर मला आणू नका. मी दुर्मिळ आहे म्हणून तर मुळीच आणू नका. शेजाऱ्यांना दाखवायला आणलेलं कुत्रं शेजाऱ्यांनी बघून झालं की साखळीला लागतं. तुमच्याच गल्लीत एखादं गावठी पिल्लू असेल. त्याला तुमचं ऊन सोसतं, तुमची भाकरी पचते. जीव लावायला ते माझ्याइतकंच तयार असतं. पण ज्याला कुणाला घरात घ्याल, त्याला त्याचं पुरतं आयुष्य द्या. निम्म्यावर सोडू नका.

मी आता वयस्क झालो आहे. माझ्या दाढीत पांढरे केस आले आहेत, उठताना मागचे पाय दुखतात. पण पाण्यात उतरलो की अजून मी पिल्लूच असतो.

मागच्या रविवारी सगळेच खणीवर आले होते. मी मनसोक्त पोहलो, तळातला गाळ उकरला, शेवाळात लोळलो आणि बाहेर येऊन आबांच्या अगदी शेजारी अंग झाडलं. शिवानी ओरडून मागं पळाली. मीनाबाईंनी पदर नाकाला लावला. आबा दगडावर तसेच बसून राहिले. मग त्यांच्या नाकपुड्या किंचित हलल्या. मी ते पाहिलं. मी शेपूट हलवायचं थांबवलं.

आबांनी माझी मान धरली, जवळ ओढली आणि माझ्या ओल्या केसांत नाक घातलं. लांब श्वास घेतला.

"शिवानी," ते म्हणाले. "ह्यो घाण मारतोय."

"काय म्हणालात, आबा?"

"घाण मारतोय म्हणतोय की! कुजक्या चिखलागत! थोडासाच येतोय, पर येतोय!"

मीनाबाई जवळ आल्या आणि त्यांच्या पाठीवर हात ठेवून उभ्या राहिल्या. आबांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि घाण वासानं तोंड वाकडं झालं होतं. त्यांनी ते वाकडं तोंड तसंच ठेवलं आणि माझ्या मानेत पुन्हा नाक खुपसलं.